कसर

नोंदवहीत एवढंच आहे:
बाहुली. कापडी, हातशिवणीची. उंची अकरा इंच.
डावा पाय आखूड. शिवण भरड.
कोणी केली : अज्ञात स्त्री.
हे मीच लिहिलंय, सत्तावीस वर्षांपूर्वी.
नोकरी नवी होती, अक्षरही बरं होतं.

अंग पिठाच्या पोत्याचं.
झगा वर केला तर पाठीवर अजून वाचता येतं
गिरणीचं अर्धं नाव आणि खाली
अठ्ठ्याण्णव पौंड.
डोळे बुटाच्या बटणांचे, एक काळं, एक तपकिरी.
तोंड लाल लोकरीच्या तीन टाक्यांचं, तेही तिरकं,
जणू काही बोलणार होती
आणि तेवढ्यात कोणीतरी आत आलं.

सेलिना हाउन्सेल वर्षातून एकदा येते, मार्चअखेर,
बोनाव्हिस्टाच्या किनाऱ्यावरचं बर्फ
रात्री कण्हायला लागतं तेव्हा.
नव्वदीला टेकलीय. काठी दाराशी ठेवते.
मी हातमोजे पुढे करते, ती ते चढवते
आणि दरवेळी तेच म्हणते:
"एका गोधडीत झोपलोय आम्ही दोघी.
आता भेटायचं ते मोजे घालून."

यंदा तिनं बाहुलीची कूस चाचपली, थांबली.
"अज्ञात स्त्री कोण म्हणालं?"
मी गप्प.
"टाके बघ. इंचाला तीन. दाभणाचे,
मेण ओढलेल्या दोऱ्याचे.
बाईमाणूस बाहुलीला असं शिवत नाही गं.
शिडाला शिवतात असं."

मी भिंग धरलं.
सत्तावीस वर्षं ज्याला भरड म्हणत आले
ते वादळासाठी शिवलेलं होतं.

एलायजा पेली. जहाजांची शिडं दुरुस्त करायचा.
बायको गेली त्या हिवाळ्यात
त्यानं हे चुलीपाशी बसून केलं.
पाय आखूड का, ते सेलिनाला ठाऊक नाही.
कापड संपलं असेल, किंवा दिव्यातलं तेल.
मार्चमध्ये तो सीलच्या शिकारीला बर्फावर गेला.
वारा फिरला, बर्फ किनाऱ्यापासून सुटलं.
सात गेले होते, तीन परत आले.
हे ती मिठाचा भाव सांगावा तसं सांगते.

आता माझ्याकडचं सांगणं उरलं होतं.
झग्याच्या घडीत कसर लागलीय.
त्यावर औषध शिंपडत नाहीत,
दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळायचं
आणि शीतपेटीत ठेवायचं, उणे तीसवर.
किडा मरतो, अंडी मरतात, कापड राहतं.
हे मी शाळेच्या सहलींना रोज सांगते.
तिला सांगताना शब्द मागेपुढे झाले.

"बर्फात," ती म्हणाली.
"हो."
"किती दिवस?"
"चौदा."
"आणि मग?"
"मग बाहेर काढायची. पिशवी लगेच सोडायची नाही.
एक दिवस तशीच ठेवायची टेबलावर,
आतपर्यंत ऊब पोचेस्तोवर.
नाहीतर दंव धरतं."

ती खिडकीकडे बघत राहिली. बाहेर
कोणाचा तरी कुत्रा बर्फाला भुंकत होता.
"म्हणजे येते परत."
"येते."
तिनं मोजे काढले. आणि मी काही म्हणायच्या आत
उघड्या बोटानं त्या आखूड पायाला शिवली,
एकदाच.
मी नोंदवहीत डोकं घातलं. "अज्ञात स्त्री" वर रेघ मारली.
एका रेघेत दोन चुका.
पुढे नाव लिहिलं, व्यवसाय लिहिला,
"बाप" लिहायला तिथे रकाना नव्हता.

पंधराव्या दिवशी सकाळी सातला फोन.
मी अजून कोटही काढला नव्हता.
"काढलीस?"
"काढली."
"ऊब लागली का तिला?"
मी पिशवीवर तळवा ठेवला,
फोन खांद्यात धरून, बराच वेळ.
"अजून नाही," म्हटलं.
तिनं फोन ठेवला नाही.